देऊळ कोणासाठी फिरलं?

पुण्याहून हिंगोलीला जायचं म्हणजे अख्खी रात्र बसमध्ये. परवाच्या शुक्रवारी धावतपळत ट्रॅव्हल्स पकडली, वरच्या बर्थवर चढलो आणि बघतो तर मोबाईलची बॅटरी नऊ टक्के. चार्जर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. आता काय करणार? बॅगेत एक पुस्तक होतं. आमच्या पँट्रीशेजारी एक छोटं शेल्फ आहे, ऑनसाईटहून परतलेली मंडळी वाचून झालेली पुस्तकं तिथे ठेवून देतात. बहुतेक सगळी 'यशस्वी कसे व्हाल' छापाची. त्यात हे एक वेगळं दिसलं म्हणून उचललं होतं. अँजी थॉमस यांची 'द हेट यू गिव्ह' ही कादंबरी, २०१७ साली आलेली. मागच्या बाजूला लिहिलं होतं की ही 'यंग अ‍ॅडल्ट' आहे, म्हणजे साधारण आठवी ते बारावीच्या पोरांसाठी. म्हटलं चला, झोप येईपर्यंत चाळू.

झोप आलीच नाही.

गोष्ट थोडक्यात सांगतो. स्टार नावाची सोळा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी. राहते गरीब वस्तीत, शिकते मात्र गोऱ्या मुलांच्या महागड्या शाळेत. एका रात्री तिच्या लहानपणच्या मित्राची गाडी पोलीस अडवतात आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याला गोळ्या घालतात. पोरगा नि:शस्त्र होता. पुढे सगळं पुस्तक एकाच प्रश्नावर चालतं, की स्टारने तोंड उघडायचं की नाही. शाळेत ती वेगळी बोलते, घरी वेगळी बोलते. शाळेत तिची एक गोरी मैत्रीण आहे, हेली. चांगली मुलगी आहे, वर्षानुवर्षांची मैत्री आहे. पण बास्केटबॉल खेळताना ती स्टारला सहज एक विनोद मारते, तळलेल्या चिकनचा. तिकडे कृष्णवर्णीयांना हिणवायचा हा जुनाच विनोद. स्टार दुखावते, तर हेली म्हणते, एवढं काय त्यात, गंमत केली!

इथे मी पुस्तक मिटलं. खरं सांगायचं तर अशी गोष्ट वाचताना आपण आपोआप स्टारच्या बाजूला जाऊन बसतो. मला मात्र लख्ख कळलं की मी या गोष्टीत असलोच तर हेली आहे. का, ते पुढे सांगतो.

*

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन औंढा नागनाथला गेलो. हिंगोलीकरांना हे देऊळ सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवं आमचंच, असं आम्ही मानतो (गुजरातवाल्यांचा दावा वेगळा आहे, तो वाद इथे नको), हेमाडपंती बांधणी, भिंतीभर शिल्पं. आणि या देवळाची एक प्रसिद्ध खूण म्हणजे नंदी नेहमीसारखा देवासमोर नाही, मागच्या बाजूला आहे.

त्याची गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ. नामदेव महाराज संतमंडळींबरोबर इथे आले, दारापुढे कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवलं, मागे जा म्हणाले. नामदेव मागे जाऊन गाऊ लागले, तर देऊळच फिरलं आणि देव त्यांच्यासमोर आला. नंदी तेवढा होता तिथे राहिला.

आमच्या पुढे एक कुटुंब होतं. वडील आपल्या आठ-नऊ वर्षांच्या पोराला हीच गोष्ट सांगत होते, अगदी रंगवून. पोराने विचारलं, "पण पप्पा, त्यांना मागे का पाठवलं?"

"अरे, पहिले असंच असायचं. चल, रांग पुढे गेली."

चूक त्या वडिलांची नाही. मलाही ही गोष्ट अशीच सांगितली होती. देऊळ फिरलं, हे दहा वाक्यांत. का फिरावं लागलं, हे अर्ध्या वाक्यात. नामदेव शिंपी होते, आणि दारासमोर उभं राहायचा हक्क शिंप्याला नव्हता, एवढं सरळ वाक्य मला कोणी लहानपणी सांगितलं नाही. चमत्कार लक्षात राहिला, अपमान गाळला गेला. रात्री ते अमेरिकन पुस्तक वाचलं नसतं तर मीही रांगेत पुढे सरकलो असतो.

परत येताना डोक्यात एकच किडा. तिकडे चौदा वर्षांच्या पोराच्या हातात वंशभेदावरचं पुस्तक देतात, आणि पोरं ते पाळीपाळीने वाचतात. मग जातीवरचं असं मराठी पुस्तक मला चौदाव्या वर्षी कोणी का दिलं नाही? पुढचे दोन वीकेंड त्यातच गेले.

*

आधी तिकडचं बघू. अमेरिकेतही हे शेल्फ आयतं आलेलं नाही.

१९६५ साली नॅन्सी लॅरिक या बाईंनी 'सॅटर्डे रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला. लेखाची सुरुवात एका पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीच्या प्रश्नाने होते: पुस्तकातली मुलं नेहमी गोरीच का असतात? बाईंनी मग खरंच मोजायला घेतलं. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तकं. त्यांपैकी एखादं तरी कृष्णवर्णीय माणूस मजकुरात किंवा चित्रात असलेली पुस्तकं निघाली ६.७ टक्के. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी डेटा टाकला टेबलावर.

'टू किल अ मॉकिंगबर्ड' तेव्हा येऊन गेलं होतं, १९६० मध्ये. ते आपल्याकडेही पुष्कळांनी वाचलंय. पण त्यात अन्याय कृष्णवर्णीयावर होतो आणि गोष्ट त्याला वाचवू पाहणाऱ्या गोऱ्या वकिलाची आणि त्याच्या मुलीची असते. बाजू फिरायला अजून काही वर्षं लागली. १९७६ मध्ये मिल्ड्रेड टेलर यांची 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' आली, आणि पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळालं. १९३० च्या दशकातलं मिसिसिपी. गोष्ट सांगते नऊ वर्षांची कॅसी. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. शाळेत मुलांना पुस्तकं वाटली जातात. कॅसीचा धाकटा भाऊ पुस्तक उघडतो. आत एक तक्ता चिकटवलेला असतो: कोणत्या साली दिलं, पुस्तकाची अवस्था काय, आणि घेणाऱ्याचा वंश कोणता. नवं होतं तेव्हापासून गोऱ्या मुलांनी अकरा वेळा वापरलेलं. बाराव्या खेपेला, फाटून चिंध्या झाल्यावर, ते या मुलांच्या वाट्याला आलंय, आणि वंशाच्या रकान्यात त्यांच्यासाठी शिवीसारखा शब्द लिहिलाय. पोरगा ते पुस्तक जमिनीवर फेकतो.

हा तक्ता लक्षात ठेवा. मला त्याच्याकडे परत यायचंय.

पुढे १९९९ मध्ये वॉल्टर डीन मायर्स यांचं 'मॉन्स्टर' आलं. सोळा वर्षांचा मुलगा खुनाच्या खटल्यात अडकलाय आणि स्वतःची गोष्ट सिनेमाच्या स्क्रिप्टसारखी लिहितोय. याच मायर्स यांनी २०१४ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पुन्हा तोच हिशेब मांडला: २०१३ च्या ३,२०० बालपुस्तकांत कृष्णवर्णीयांविषयीची फक्त ९३. पन्नास वर्षांत आकडा हललाच नव्हता म्हणा ना.

अँजी थॉमस यांच्या गोष्टीची सुरुवात २००९ ची. त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या रेल्वे स्टेशनवर ऑस्कर ग्रँट या नि:शस्त्र तरुणाला पोलिसाने गोळी घातली. अँजी तेव्हा मिसिसिपीत कॉलेजात होत्या. त्यांच्याही आजूबाजूला दोन जगं होती. वस्तीत सगळे हळहळत होते, कॉलेजातली काही मुलं म्हणत होती, त्याने काहीतरी केलंच असणार. त्यातून त्यांनी एक लघुकथा लिहिली आणि तिचीच पुढे ही कादंबरी झाली. पुस्तक तुफान खपलं, आणि त्याच वर्षी टेक्सासमधल्या केटी इथल्या शाळांनी काही काळ ते शेल्फवरून काढलंही. म्हणजे तिकडेही सगळं गोड नाही. पण काढायला तरी ते शेल्फवर होतं.

*

आता आमच्या शाळेचं कपाट.

आमची शाळा जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावची. हेडमास्तरांच्या खोलीत एक लोखंडी कपाट, शनिवारी उघडायचं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मी तिथे वाचला, ताम्हनकरांचा गोट्या वाचला. आजही कोणी फेणेला नावं ठेवली तर मी भांडेन. पण एवढ्या सगळ्या पुस्तकांत आमच्या गावासारखं गाव क्वचितच भेटलं, आणि आमच्या गावाच्या ज्या टोकाला माझा बाकशेजारी राहायचा ते टोक तर कधीच नाही.

सगळ्यात झिजलेलं पुस्तक म्हणजे 'श्यामची आई'. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेलं. त्यात एक प्रसंग आहे, आठवत असेल तुम्हाला. एका म्हाताऱ्या महारणीची मोळी डोक्यावरून पडलीय आणि उचलून द्यायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला म्हणते, जा, तिला मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. लहानपणी हे वाचून माझे डोळे भरून आले होते. आता पुन्हा वाचलं तेव्हा आंघोळीपाशी अडखळलो. आणि म्हातारीला नाव नाही, हेही तेव्हा लक्षात आलं नव्हतं. गोष्ट श्यामच्या चांगुलपणाची आहे, म्हातारी त्या चांगुलपणाचं निमित्त. म्हणजे आपलं 'मॉकिंगबर्ड'च!

गुरुजींवर टीका करायची माझी लायकी नाही. ज्या काळात ते घडलं त्या काळात तेवढंही करणारी आई विरळाच. आणि गुरुजी स्वतः आंघोळीपाशी थांबले नाहीत. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले आणि देऊळ उघडलं गेलं तेव्हाच उठले. पण गंमत बघा, आम्हाला शाळेत मोळीचा प्रसंग वाचून दाखवला, उपोषणाचा कधी नाही.

आता तो तक्ता.

आठवीत असताना दरवर्षीप्रमाणे शिष्यवृत्तीचे फॉर्म आले. सर वर्गात यायचे आणि यादी वाचायचे. नुसती नावं नाहीत, आधी जात, मग नाव. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं, फॉर्म घ्यायचा, बसायचं. त्या दिवशी माझा बाकशेजारी उभा राहिला, फॉर्म घेऊन खाली बसला, आणि मी त्याला कोपराने ढोसून म्हणालो, "मजा आहे बुवा तुम्हा लोकांची, फुकट पैसे!" आजूबाजूचे हसले. तोही हसला. निदान मला तसं वाटलं. मी त्याला रोज डब्यातली चटणी द्यायचो, त्याच्या सायकलवर डबलसीट फिरायचो. आमची दोस्तीच होती. 'तुम्हा लोकांची' हे शब्द माझ्या तोंडात कुठून आले, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, पुढची पंधराएक वर्षंही पडला नाही. तो पडला परवा, बर्थवर, हेलीचा विनोद वाचताना.

*

मग मराठीत असं काहीच नव्हतं का? शोधायला लागलो आणि पहिलीच जी गोष्ट हाती लागली तिने मला गप्प केलं.

साल १८५५. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी काढलेल्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे नावाची मुलगी, मांग समाजातली, वय जेमतेम चौदा. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि 'ज्ञानोदय'ने तो त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागांत छापला. काय विचारते ती? वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्मग्रंथ कुठला? आमचा धर्म तरी कोणता, देवा तूच सांग. पेशवाईत तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर त्याचं डोकं उडवून त्याचा चेंडू करत, असं ती लिहिते. आपल्या बायका उघड्यावर बाळंत होतात, हे लिहिते. कोणाची दया मागत नाही, हिशेब मागते. इंग्रज साहेबाने तिला चॉकलेट दिलं तेव्हा ती म्हणाली, आम्हाला चॉकलेट नको, लायब्ररी द्या, असा किस्साही सांगतात.

जरा थांबून विचार करा. अमेरिकेत गुलामगिरी अजून कायद्याने चालू होती, यादवी युद्धाला सहा वर्षं बाकी होती. तेव्हा पुण्यात आठवी-नववीच्या वयाची मुलगी हे लिहीत होती, आणि ते छापून येत होतं. 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणजे याहून वेगळं काय असतं?

अठरा वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतिरावांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. म्हणजे तिकडचं आणि इकडचं एकत्र ठेवून बघायची सवय मला बसमध्ये लागली असली तरी महाराष्ट्राला ती दीडशे वर्षं जुनी आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इंग्रजीत काही आठवणी लिहून ठेवल्या होत्या, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने. त्या स्वतंत्र पुस्तिका म्हणून आल्या १९९० मध्ये. त्यातली पहिली आठवण नऊ वर्षांच्या भीमाची. साल १९०१. मुलं नवे कपडे घालून रेल्वेने वडिलांकडे निघाली आहेत, सुट्टीला. वडिलांना पत्र मिळालेलं नाही, त्यामुळे स्टेशनवर कोणी न्यायला आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी प्रेमाने चौकशी करतो, जात कळताच मागे सरकतो. बैलगाडीवाले नाही म्हणतात. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एकजण तयार होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो पायी चालणार. जवळ खायला भरपूर, पण रात्रभर प्यायला पाणी नाही, कारण कोणी देणार नाही. अ‍ॅडव्हेंचर म्हणा, प्रवासकथा म्हणा. फेणेच्या वयाच्या पोराला दिली तर एका बैठकीत वाचून काढेल. २०११ मध्ये 'नवयान' प्रकाशनाने याच आठवणींवर 'भीमायन' हे चित्रपुस्तक काढलं, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी काढलेलं.

आणि मग आमचा मराठवाडा. १९५० मध्ये बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, पुढे त्याचं नाव मिलिंद झालं. निजामाच्या राज्यातल्या खेड्यांतून पहिल्यांदाच पोरं तिथे आली, वसतिगृहात राहिली. या मिलिंदचे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आलेले. तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांविषयी ते इथे बोलायचे, लिहायचे. साठच्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' सुरू झालं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव घेतलं ब्लॅक पँथरवरून. ती ब्लॅक पँथर १९६६ मध्ये ज्या गावात जन्मली ते म्हणजे ओकलंड. हो, तेच, ऑस्कर ग्रँटचं.

मग एकामागून एक आत्मकथनं आली. १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं'. १९७९ मध्ये प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी'. यातलं दुसरं मी आत्ता पहिल्यांदा वाचलं, आणि मान्य करायला लाज वाटते, कारण ते आमच्याच बोलीतलं पुस्तक आहे. आई-वडील लहानपणीच गेलेले, बहिणीच्या आसऱ्याला वाढलेला मराठवाड्यातला एक पोरगा. भूक, मजुरी, शाळा, शाळेत कुठे बसायचं, पाणी कोण वाढणार, आणि शेवटी मिलिंदपर्यंतचा रस्ता. बालपण आणि शाळा हाच या पुस्तकाचा गाभा. अमेरिकेत हे आलं असतं तर थेट आठवीच्या शेल्फवर गेलं असतं. आपल्याकडे त्यावर 'दलित साहित्य' असा शिक्का बसला, म्हणजे एम.ए. मराठीचा पेपर, परिसंवाद, संदर्भग्रंथ. पुस्तक पोराचं, वाचक प्राध्यापक!

*

आणि जे पुस्तकात आलं ते घरात का आलं नाही?

आमच्या आजीला साल सांगता यायचं नाही. ती घटनांवरून सांगायची. मोठ्या आत्याचं लग्न 'नामांतराच्या साली'. लहानपणी मला वाटायचं, नामांतर म्हणजे दुष्काळासारखं काहीतरी असणार. एकदा विचारलं तर आजोबा म्हणाले, "काही नाही, गडबड झाली होती." विषय बंद.

ती 'गडबड' अशी: २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तेही 'नामविस्तार' म्हणून. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, आमचा जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. 'बलुतं' ज्या वर्षी आलं त्याच वर्षी हे घडत होतं. एका बाजूला पोरं लिहायला लागली होती आणि दुसऱ्या बाजूला त्यांची घरं जळत होती. आमच्या घराला यातलं काही लागलं नाही. आमच्या घरातल्या कोणी काही केलं का, किंवा काही थांबवलं का, हे मला माहीत नाही, आणि आता विचारायला आजोबा नाहीत.

हे सगळं जुनं झालं, असं म्हणायची सोय नाही. १४ फेब्रुवारी २०१४ ला नागराज मंजुळेंचा 'फँड्री' थेटरात लागला. शाळकरी वयाचा जब्या, वरच्या जातीतल्या मुलीवर मन जडलेला, आणि घरचं काम डुकरं धरायचं. माझ्या मते मराठीतली खरी 'यंग अ‍ॅडल्ट' कलाकृती हीच, फक्त ती कागदावर नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो. त्यानंतर अडीच महिन्यांत, २८ एप्रिलला, नगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो, या संशयावरून मारलं, असा आरोप होता. साक्षीदार फिरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. 'द हेट यू गिव्ह' त्याच वर्षीचं, आणि त्यातही शेवटी पोलिसावर खटला चालत नाही. फरक एवढाच की तिकडच्या पोराला निदान कादंबरीत एक मैत्रीण मिळाली, त्याच्या बाजूने बोलणारी.

*

इथपर्यंत माझा निष्कर्ष तयार होता: तिकडे शेल्फ आहे, आपल्याकडे नाही. लेख संपवून टाकणार होतो. पण म्हटलं, ज्याच्या नावाने एवढं लिहितोय त्याला एकदा विचारावं. बाकशेजाऱ्याचा नंबर एका जुन्या मित्राकडून मिळवला. तो आता नांदेडला असतो. दहा वर्षांत आमचं बोलणं नव्हतं. मेसेज टाकला, आधी उगाच इकडचं तिकडचं, मग ते शिष्यवृत्तीचं लिहिलं, सॉरी म्हटलं, आणि शेवटी विचारलं की तेव्हा आपल्या वाचनात असं एखादं पुस्तक असतं तर काही फरक पडला असता का?

दोन निळ्या टिका. उत्तर रात्री आलं.

"फॉर्मचं आठवतंय."

मग थोड्या वेळाने: "आठवणींचे पक्षी मी आठवीतच वाचलं होतं. बलुतं नववीत. बाबा दरवर्षी दीक्षाभूमीवरून पुस्तकं आणायचे. घरात ट्रंक भरून होती. तू मागितलं असतंस तर दिलं असतं."

मी हे तीन-चारदा वाचलं. नागपूरला दीक्षाभूमीवर, मुंबईला ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लोक पुस्तकांसाठी रांगा लावतात, हे मला माहीत होतं. पेपरात दरवर्षी येतं. पण त्या रांगेतली एक ट्रंक माझ्या बाकापासून सायकलवर पाच मिनिटांच्या अंतरावर होती, हे मला माहीत नव्हतं.

रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन प्राध्यापक बाईंनी १९९० मध्ये एक फार साधी गोष्ट सांगितली. मुलांसाठी काही पुस्तकं आरसा असतात, काही खिडकी. ज्यांना पुस्तकात स्वतःचा चेहरा कधीच दिसत नाही त्यांचं नुकसान होतं, हे सगळ्यांना पटतं. पण त्या पुढे म्हणतात की ज्यांना सगळीकडे फक्त आपलाच चेहरा दिसतो त्यांचंही नुकसान होतं. जग म्हणजे आपणच, असं त्यांना वाटायला लागतं. माझ्या मित्राच्या घरात आरसा होता. त्याच्या वडिलांनी तो ट्रंकेत भरून आणला होता, शाळेच्या मदतीशिवाय. खिडकी नव्हती ती माझ्याकडे. आमच्या लोखंडी कपाटात जे नव्हतं ते मराठीत होतं, आमच्या गावातसुद्धा होतं. फक्त आम्हाला ते लागत नव्हतं. म्हणजे मला 'आपल्याकडे नाही' असं वाटत होतं, त्यातला 'आपल्याकडे' हा शब्दच चुकीचा होता.

*

एक शेवटची गोष्ट, औंढ्याची.

नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत, हे तुम्हाला माहीत असेल. त्यातल्या एका पदात नामदेव स्वतः देऊळ फिरल्याची गोष्ट सांगतात. गावाचं नाव त्यात नाही, पण प्रसंग तोच. आणि गंमत म्हणजे तिथे क्रम उलटा आहे. आम्ही जे दहा वाक्यांत सांगतो ते देऊळ फिरणं शेवटी, एका ओळीत. आधी आहे ते दुसरंच: मी भक्ती करत होतो, मला धरून उठवलं. माझी जात हीन, देवा, मला या घरात जन्माला का घातलंस? कांबळं उचललं आणि मागे जाऊन बसलो.

सातशे वर्षांपूर्वीचा माणूस, आमच्याच जिल्ह्यातल्या नर्सीचा, स्वतःच्या तोंडाने सांगतोय की त्याला कसं वाटलं. आणि त्याची गोष्ट आम्ही चमत्कार म्हणून सांगतो.

पुढच्या महिन्यात पुन्हा गावी जाईन तेव्हा शाळेच्या कपाटासाठी चार पुस्तकं घेऊन जाणार आहे. 'आठवणींचे पक्षी' त्यात पहिलं. हेडमास्तर नवीन आहेत, घेतील की नाही सांगता येत नाही. घेतली तरी शनिवारी कपाट उघडतील का, तेही माहीत नाही. मित्राला विचारलं, तू येतोस का बरोबर? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. दोन निळ्या टिका मात्र दिसतायत.

असो. तूर्तास इतकंच. आणि तुमच्याबरोबर कोणी लहान असेल आणि औंढ्याला जाणं झालं, तर नंदीपाशी जरा थांबा. त्याने 'मागे का पाठवलं?' असं विचारलं तर रांग पुढे गेली तरी चालेल.